चढ नको म्हणाल्या

हे अजून कुणाच्याही कानावर गेलेलं नाही. अभयच्याही नाही — आणि तो तर माझा नवरा आहे, त्याच्याच वडिलांची ही गोष्ट आहे. आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही. एकदा सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर जेवताना अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, कॉफी घेणार का, आणि मी हो म्हटलं. एवढं निमित्त पुरलं मला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीच्या माणसासमोर बोलायचं धाडस माझ्यात नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

कुठून सुरू करू? सहलीपासून करते. तो भाग सोपा आहे.

दोन हजारच्या दशकाचा तो मधला काळ. आम्ही सिंगापूरलाच, बुकित तिमाह भागात, एका कॉन्डोत राहायचो. अभय जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इंजिनियर, मी एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये, आणि आमची सायली अकरा वर्षांची. दाताच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले असताना मी एका मासिकात ती गावं पहिल्यांदा पाहिली. इटलीच्या किनाऱ्यावरची पाच लहान गावं, डोंगराच्या कडेला धरून बसलेली, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या जुन्या पायवाटा. एका हाताला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या हाताला खाली समुद्र. माझा नंबर पुकारला तरी मला ऐकू आलं नाही.

मग दोन-तीन वर्षं मी ती सहल मनात मांडत होते. जूनच्या शाळेच्या सुट्टीत जायचं. सगळं सामान व्हर्नात्सा नावाच्या गावात ठेवायचं आणि रोज पाण्याची बाटली, टोपी एवढंच घेऊन एकेक टप्पा चालायचा. पाय दुखले तर गावागावांना जोडणारी छोटी रेल्वे आहेच, संध्याकाळी तिनं परत यायचं. समुद्राकडे खिडकी असलेली खोली हवी. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी नकाशे छापून घ्यायची, वाटेवर सावली कुठे आहे, पाणी कुठे मिळतं, सगळं वाचायची. आणि सकाळी दुसऱ्या कुणीतरी केलेला नाश्ता — हा मुद्दा मी कुणालाच बोलून दाखवला नव्हता, पण खरं तर तोच पहिला होता.

अण्णांनाही नेऊ या, असं अभय म्हणाला. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि ते साताऱ्याला एकटेच होते. मी लगेच हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं, यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मला वाटतं. अण्णा मला आवडायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला, सडसडीत माणूस. रोज सकाळी मित्रांबरोबर अजिंक्यतारा चढून यायचे. पाऊस असो, थंडी असो. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, किल्ल्यावर येतेस का? ज्या घरात सुनेला आधी चहा येतो का विचारतात, त्या घरात नाही पडले मी, हे मला तेव्हाच कळलं होतं.

व्हिसा ते मुंबईहूनच काढून आले. सोबत नवे बूट, थालिपिठाची भाजणी, आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, धुक्यात माणसं चुकतात. इटलीत, जूनमध्ये. मी हसले. ते आल्यापासून घरात हसणं वाढलं होतं, हेही खरं.

आणि मग माझी सहल हळूहळू त्यांची झाली. त्यांनी हिसकावून घेतली असं म्हणता येणार नाही, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. जन्मभर लोकांना डोंगरावर नेलेला माणूस, नकाशा दिसला की हात पुढे व्हायचाच. जेवणाच्या टेबलावर माझे नकाशे पसरले जायचे आणि अण्णा, अभय, सायली तिघं त्यावर वाकलेले असायचे. किनाऱ्याची वाट सोपी आहे, आपण वरच्या धारेनं जाऊ. पहाटे निघू, म्हणजे उन्हाच्या आत पुढचं गाव. हॉटेल कशाला, स्वयंपाकघर असलेली जागा घेऊ. यावर अभय म्हणाला, हो गं, अण्णांना बाहेरचं सोसत नाही. म्हणजे इटलीतसुद्धा मी पिठलं करणार होते. समुद्राकडे खिडकी असेल तर शेगडीशी उभी राहून बघणार होते.

आता इथे थांबले तर बरं दिसेल, नाही का? सुनेचं एवढंसं स्वप्न, त्यातही तिला पोळपाट-लाटणं. चार बायकांत सांगितलं तर चौघीही माझ्या बाजूनं बोलतील. मी स्वतःलाही बरीच वर्षं हीच गोष्ट सांगत आले. पण ती पुरी खरी नाही. पिठल्यासाठी मी ते केलं नसतं. पिठलं मी चिडून का होईना, केलंच असतं.

खरं वेगळंच आहे आणि ते सांगायला मला जास्त लाज वाटते. मला चालायला जमत नव्हतं.

सहलीची तयारी म्हणून अण्णांनी आम्हाला कॉन्डोची लिफ्ट बंद केली. येता-जाता जिन्यानं. आणि दर शनिवारी बुकित तिमाहची टेकडी. त्यांच्या मते ती टेकडी म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा अर्धा चढ, दमायचं कारणच नाही. पण तिथल्या पायऱ्यांवर माझा श्वास पुरायचा नाही. छातीत धडधड, मान घामानं भिजलेली, शेजारून सत्तरीच्या चिनी आजीबाई छत्री टेकत पुढे जायच्या. सायली वरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "मम्मी, यू सो स्लो लाह! आजोबा ऑलरेडी टॉप!" कधी नव्हे ते ती कुणाच्या तरी मागे धावत होती. माझ्याशी जेमतेम इंग्रजीत बोलणारी मुलगी आजोबांशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली होती. मला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटायचं, हे माझं होतं.

एका शनिवारी मी सगळ्यांच्या बऱ्याच नंतर वर पोचले. ते तिघं दगडावर बसून संत्रं खात होते. अण्णांनी माझ्यासाठी फोडी काढून ठेवल्या होत्या. त्या हातावर ठेवत अगदी मायेनं म्हणाले, "माधवी, तू तिथं उगाच दमू नकोस. तू आपली गाडीनं पुढच्या गावाला जा, जेवणाचं बघ. आम्ही तिघं चालत येतो." अभय म्हणाला, खरंच, हे चांगलं आहे. सायली म्हणाली, "ओके लाह, मेक्स सेन्स." आणि तिघं उठून उतरायला लागले.

त्या वाटा मी शोधल्या होत्या. त्यांच्यावरच्या सावल्या मला पाठ होत्या. आणि मला त्यांच्यावरून चालायचंच नव्हतं. मी तिथं उभी राहून संत्र्याच्या फोडी खाल्ल्या. काही बोलले नाही. बोलले असते तर काय झालं असतं? काहीच नाही. अण्णांना वाईट वाटलं असतं, माफी मागितली असती, बेत बदलला असता. नुसतं म्हणायचं होतं — मलाही चालायचंय, माझ्या वेगानं. एवढं वाक्य मला जमलं नाही आणि पुढचं जमलं.

जाण्याआधी अण्णांची एकदा तपासणी करून घेऊ, हे अभयनंच ठरवलं होतं. वय झालेलं, परदेशात कशाला काळजी. प्लांटमधून त्याला मधेच निघता यायचं नाही, फोनही गेटवर जमा करावा लागायचा, म्हणून मी सुट्टी काढून त्यांना दवाखान्यात नेलं. चालत्या पट्ट्यावर चालवून छातीला तारा लावतात, ती तपासणी. अण्णा पट्ट्यावरून उतरले तेव्हा त्यांना घामसुद्धा नीट आलेला नव्हता. ते आत शर्ट घालत होते आणि डॉक्टरीणबाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. हसतच होत्या. म्हणाल्या, "युअर फादर-इन-लॉ, व्हेरी स्ट्राँग हार्ट. क्लाइंब? कॅन, कॅन. बेटर दॅन मी." बाहेर जाताना त्यांना अण्णा भेटले, तर त्यांच्या खांद्यावर कौतुकानं थाप मारून गेल्या.

अण्णा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वर बघितलं. काय म्हणाल्या?

मी म्हटलं, "तसं काळजीचं काही नाही अण्णा. पण चढ नको म्हणाल्या. हृदयावर ताण येतोय."

आधी ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते — पण शपथेनं काय होतं? ठरवलेलं नसलं तरी वाक्य कसं तयारच होतं, आवाज कसा साधा निघाला, चेहऱ्यावर काळजी कशी बरोब्बर आली. अण्णांनी नाडीची गाठ पुरी बांधली. मग विचारलं, "पायऱ्यासुद्धा नकोत?" इथे मागे फिरता आलं असतं. मी म्हटलं, पायऱ्यासुद्धा. त्यावर ते हळूच म्हणाले, "तरीच बाईंनी खांद्यावर हात ठेवला."

कॉन्डोत परतल्यावर ते जिन्याकडे वळले, थांबले आणि लिफ्टपाशी येऊन उभे राहिले. बटण मी दाबलं.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांपासून वाईट रिपोर्ट लपवतात. सगळी घरं लपवतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी चांगला रिपोर्ट लपवला. असं कुणी करत असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? अभयच्याही आलं नाही. संध्याकाळी त्यानं विचारलं, मी तेच सांगितलं, कागद दवाखान्यातच ठेवतात म्हणाले. तो बिचारा गॅलरीत जाऊन उभा राहिला. सहल रद्द करू म्हणाला. अण्णांनी ऐकलं नाही. तुम्ही जा, पोरीचा हिरमोड नको. आठवड्याभरात ते साताऱ्याला परत गेले. नवे बूट इथेच ठेवून गेले, अभयच्या मापाचे होते म्हणून.

तुम्हाला वाटेल, मग सहलीत माझं मन लागलं नसेल. लागलं. हे सांगताना जीव कसानुसा होतो, पण लागलं. हॉटेलात राहिलो, नाश्ता आयता मिळाला, आणि मी प्रत्येक टप्पा चालले. लिंबाच्या बागांमधून, दगडी पायऱ्यांवरून, थांबत, बसत. अभय आणि सायली माझ्यासाठी थांबायचे. एका दुपारी स्टेशनजवळच्या बूथवरून आम्ही अण्णांना फोन लावला. सायलीनं त्यांना वाटेचं वर्णन केलं. मग तिनं मला निरोप दिला — आजोबा विचारतात, आईला धाप नाही ना लागत? तिलाच पुढं चालू द्या, म्हणजे तुम्ही आपोआप तिच्या वेगानं चालाल. मी म्हटलं, सांग, आई मजेत आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून मी खरंच पुढे चालले.

माझा हिशेब असा होता की अण्णा साताऱ्याला जातील, तिथल्या डॉक्टरांना दाखवतील, ते म्हणतील काही झालेलं नाही, आणि अण्णा पुन्हा किल्ला चढायला लागतील. सिंगापूरचे डॉक्टर जरा जास्तच जपतात, एवढंच सगळे म्हणतील. म्हणजे अजिंक्यतारा माझ्या लक्षात नव्हता असं नाही. होता. त्याची व्यवस्था मी अशी दुसऱ्यावर सोडली होती.

अण्णा डॉक्टरांकडे गेलेही. त्यांनी सांगितलं, सगळं उत्तम आहे, चढा खुशाल. पण अण्णांना ते पटेना. इथल्या मशीनला काय दिसतंय? सिंगापूरला पट्ट्यावर चालवून बघितलंय, तारा लावून बघितलंय, त्या बाईंनी स्वतः सांगितलंय. सिंगापूरच्या डॉक्टरसमोर साताऱ्याच्या डॉक्टरचं काय टिकणार? त्या बाईंच्या तोंडून अण्णांनी एक शब्दही ऐकला नव्हता. ऐकलं होतं ते माझ्या तोंडून, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

त्यांनी किल्ला सोडला. मित्र सकाळी फाटकाशी हाक मारायचे, अण्णा बाहेर येऊन त्यांना पायथ्याच्या रस्त्यापर्यंत सोडायला जायचे आणि परत फिरायचे. मग तेही बंद झालं. झोपायची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणली. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा दर वेळी ते थोडे जड झालेले असायचे, थोडे हळू. गुडघे धरले. चालताना स्वतःच्या नाडीवर बोटं ठेवायची सवय लागली. मी ती बोटं बघायची आणि स्वयंपाकघरात जायची. तिथे जाऊन आवरलेलं पुन्हा आवरायची.

आणि आता सगळ्यात वाईट ते सांगते. दवाखान्यातलं वाक्य तोंडून निसटलं असं एक वेळ म्हणता येईल. हे नाही म्हणता येणार. अशाच एका सुट्टीत अभयनं मला गच्चीवर नेऊन विचारलं. अण्णा खचत चाललेत, इथले डॉक्टर म्हणतात काही नाही, मला कळत नाहीये. "तुला नक्की आठवतं का, काय म्हणाल्या होत्या त्या?" त्यानं मला दार उघडूनच दिलं होतं. चुकून ऐकलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं — माझी अब्रूही राहिली असती आणि अण्णांना त्यांचा किल्ला परत मिळाला असता. मला फक्त थोडं वेंधळं ठरायचं होतं. मी अभयच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि सांगितलं, नक्की आठवतं. आलेखात एका ठिकाणी बोट ठेवून दाखवलं होतं त्यांनी. आलेख! मी तो बघितलासुद्धा नव्हता. अभय म्हणाला, बरं झालं, विचारून घेतलं.

त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

शेवटी अण्णा अंगणात पडले. चढावर नाही, पायरीवर नाही, सपाट फरशीवर. पायांत बळच उरलं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, मग छातीत कफ झाला. आम्ही दोघं विमानानं आलो. हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर अभयला म्हणाला, हार्ट फार चांगलं आहे हो त्यांचं, म्हणून तर एवढं झुंजतायत. अभय माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता कळलं त्याला. त्या एका क्षणात मला भीती वाटली आणि कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. तर तो म्हणाला, बघ, एवढं जपलं त्याचं चीज झालं.

दोन दिवसांनी अण्णा गेले.

तेराव्याला त्यांचे किल्ल्यावरचे मित्र आले होते. सगळे ऐंशीच्या आसपास, अजून ताठ, अजून रोज सकाळी चढणारे. जेवणं झाल्यावर ते निघण्याआधी माझ्यापाशी आले. त्यांच्यातले जे सगळ्यात मोठे, ते म्हणाले, अण्णा नेहमी सांगायचे आम्हाला — माझी सून त्या दिवशी दवाखान्यात नसती, तर मी त्या इटलीच्या डोंगरावर कुठेतरी पडलो असतो. ही सगळी वर्षं तिनं दिलेली आहेत.

एवढं बोलून त्यांनी मला हात जोडले. अभय शेजारीच उभा होता, त्याचे डोळे भरून आले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मीही हात जोडले.